जीआरईचा रायटिंग स्कोअर: अर्ध्या तासाचा निबंध आणि ॲडमिशन कमिटीची नजर

जीआरई, म्हणजे परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी द्यायची प्रवेश परीक्षा, तिचा निकाल आला: क्वांट (गणित) १६८, व्हर्बल (इंग्रजी आकलन) १५६, रायटिंग (लेखन) ३.०. आता अर्ज करायचा, की पुन्हा पैसे भरून परीक्षेला बसायचं? अमेरिकेत एमएसला निघालेल्या मुलांच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो आणि त्यावर जो तो आपापलं मत देतो. क्लासवाले म्हणतात पुन्हा द्या. आधी गेलेला सीनिअर म्हणतो, रायटिंग कुणी बघतच नाही. दोघांचंही अर्धवट खरं आहे. ईटीएस ही संस्था जीआरईमधून ‘ॲनालिटिकल रायटिंग’ नावाची जी सेवा विकते, ती नेमकी काय मोजते, कुठे कमी पडते आणि तिचा आकडा कॉलेजच्या टेबलावर पोहोचल्यावर त्याचं काय होतं, हे नीट बघितलं की उत्तर बहुतेक वेळा आपोआप निघतं. वर दिलेल्या आकड्यांचं उत्तर आधीच सांगतो: कॉम्प्युटर, मेकॅनिकल, डेटा सायन्स अशा विषयांत एमएस करायचं असेल आणि निवडलेल्या विभागाने किमान ३.५ मागितलेला नसेल, तर पुन्हा परीक्षा देऊ नका. तयारीचा तो महिना एसओपीला (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा कोर्स का करायचा ते सांगणारा अर्जातला मजकूर) द्या.

आता सविस्तर.

पैसे भरून काय मिळतं

२२ सप्टेंबर २०२३ पासून जीआरई आखूड झाली. पूर्वी पावणेचार तास चालायची, आता १ तास ५८ मिनिटं. रायटिंगमध्ये पूर्वी दोन निबंध असायचे, ‘इश्यू’ आणि ‘आर्ग्युमेंट’, प्रत्येकी ३० मिनिटांचे. त्यातला आर्ग्युमेंट काढून टाकला. उरला तो फक्त इश्यू, ३० मिनिटांचा, आणि तो कायम पेपरच्या सुरुवातीलाच येतो. त्यानंतर व्हर्बलचे दोन आणि क्वांटचे दोन भाग. भारतातली फी साधारण बावीस हजार रुपये आहे. भरण्याआधी ईटीएसच्या साइटवर चालू आकडा बघून घ्या.

या व्यवहारातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे रायटिंग एकट्याने पुन्हा देता येत नाही. ३.० चे ४.० करायचे असतील तर १६८ चा क्वांटही पुन्हा पणाला लागतो. ‘स्कोअरसिलेक्ट’मुळे कुठल्या तारखेचा निकाल पाठवायचा हे तुम्ही ठरवू शकता, पण निकाल अख्खा जातो. या परीक्षेचा क्वांट आणि त्या परीक्षेचं रायटिंग असं जोडकाम चालत नाही. काही विभाग स्वतःहून प्रत्येक भागाचा सर्वांत चांगला आकडा धरतात, पण तसं त्यांच्या पानावर लिहिलेलं असेल तरच त्यावर विसंबा.

दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. आपण ‘३२४ आले’ म्हणतो तो आकडा ईटीएस देतच नाही. रिपोर्टवर तीन वेगळे स्कोअर असतात: व्हर्बल १३० ते १७०, क्वांट १३० ते १७०, रायटिंग ० ते ६, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्याने. व्हर्बल-क्वांटची बेरीज ही आपली सोय आहे. त्या बेरजेत रायटिंग नसतं, म्हणून घरात त्याचा विषय निघत नाही आणि निकाल लागल्यावर एकदम धक्का बसतो. त्यातून परीक्षा संपताच स्क्रीनवर फक्त व्हर्बल-क्वांट दिसतात; रायटिंग कळायला अधिकृत निकालापर्यंत, म्हणजे ८ ते १० दिवस थांबावं लागतं.

निबंध तपासतं कोण

एक प्रशिक्षित माणूस आणि एक सॉफ्टवेअर. माणूस पूर्ण निबंध वाचून शून्य ते सहामध्ये गुण देतो. तोच निबंध ‘ई-रेटर’ नावाचं ईटीएसचं सॉफ्टवेअर तपासतं. दोघांचे गुण जवळपास जुळले तर सरासरी. फार फरक पडला तर दुसरा माणूस वाचतो आणि मग दोन माणसांची सरासरी धरतात. ही पद्धत वाईट नाही. एखाद्या परीक्षकाचा दिवस वाईट गेला म्हणून तुमचं नुकसान होण्याची शक्यता त्यात कमी होते.

पण २०२३ आधी दोन निबंधांची सरासरी व्हायची, म्हणजे एक फसला तरी दुसरा सावरून घ्यायचा. आता एकाच निबंधावर सगळा स्कोअर आहे. विषय अंगावर आला, पहिली सहा मिनिटं विचारातच गेली, की पुढे भरून काढायला जागा नाही. मापन म्हणून हा विभाग पूर्वीपेक्षा कच्चा झाला आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. ३.५ आणि ४.० या दोन अर्जदारांमध्ये लेखनाचा खरोखर फरक आहे, असं एका निबंधावरून छातीठोकपणे कुणालाही म्हणता येणार नाही. स्कोअरमधल्या लहान फरकांना महत्त्व देऊ नका, एकाच आकड्यावर अर्ज नाकारू नका, असं ईटीएस स्वतःच कॉलेजांना सांगते.

ई-रेटर काय बघतो ते जाहीर आहे: व्याकरण, शब्दांचा वापर, स्पेलिंग-विरामचिन्हं, शैली, परिच्छेदांची मांडणी आणि विस्तार, शब्दसंपत्ती, विषयाला धरून शब्द आलेत का. मुद्दा खरा आहे की खोटा हे त्याला कळत नाही. एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून २०१४ मध्ये ‘बेबेल’ नावाचा प्रोग्राम बनवला. त्याला दोन-तीन शब्द दिले की भारदस्त शब्दांचा, पण काहीच अर्थ नसलेला निबंध तो क्षणात तयार करतो, आणि असल्या निबंधांना मशीनकडून वरचे गुण मिळाले. याच पेरेलमन यांनी २००५ मध्ये एसएटी या बारावीनंतरच्या अमेरिकी प्रवेश परीक्षेच्या निबंधांबाबतही दाखवून दिलं होतं की निबंध जितका लांब, तितके गुण जास्त. यावरून कुणी पाल्हाळ लावून मशीनला फसवायला जाऊ नये, कारण जीआरईत शेजारी माणूस बसलेला आहे आणि फरक पडला की दुसरा येतो. पण लांबीबद्दलचा धडा घ्यायलाच हवा. दोनशे शब्दांत कितीही उत्तम विचार मांडला तरी ‘विस्तार’ या सदरात तो मार खातो. ४५० ते ५५० शब्दांचं लक्ष्य ठेवा.

गुणांचे अर्थही पाठ असू द्यात, कारण कमिटीतल्या प्राध्यापकाला ते माहीत असतात: ६ म्हणजे उत्कृष्ट, ५ दमदार, ४ पुरेसा, ३ मर्यादित, २ मध्ये गंभीर दोष, १ मध्ये पायाच कच्चा. विषय सोडून लिहिलं किंवा प्रश्नच उतरवून काढला तर शून्य. जगभरातली सरासरी साडेतीनच्या आसपास असते. म्हणजे ४.० ला तुम्ही मधल्या रेषेच्या वर आलात, आणि ५.० ला साधारण वरच्या दहा टक्क्यांत.

तीनच्या आसपास का अडकतो

इंग्रजी माध्यमातून शिकलेली, इंजिनिअरिंगला पहिल्या वर्गात असलेली मुलंही ३.० ते ३.५ मध्ये अडकतात. भाषा हे त्याचं मुख्य कारण नाही. आपल्याकडे ‘निबंध’ म्हटलं की शाळेतला निबंध डोळ्यांसमोर येतो: सुविचाराने सुरुवात, फायदे-तोटे, थोरांची नावं, शेवटी आवाहन. जीआरईला हवा असतो युक्तिवाद.

उदाहरण म्हणून जीआरईच्या धाटणीचा एक विषय घेऊ: ‘सरकारने बेरोजगारांना थेट पैसे देण्याऐवजी काम द्यावं.’ सूचना अशी की ही शिफारस कोणत्या परिस्थितीत फायद्याची ठरेल आणि कोणत्या परिस्थितीत नाही, ते सांगा.

क्लासच्या साच्यातला परिच्छेद मराठीत आणला तर असा दिसतो: ‘आजच्या आधुनिक युगात रोजगार ही अत्यंत महत्त्वाची गोष्ट आहे. काम माणसाला आत्मसन्मान देतं. स्टीव्ह जॉब्झ यांनी गॅरेजमधून सुरुवात करून मोठी कंपनी उभारली. यावरून कष्टाचं महत्त्व कळतं. म्हणून सरकारने काम द्यावं हे मत योग्य आहे.’ व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर. तरी हा तीनचा परिच्छेद आहे, कारण जॉब्झ यांना सरकारने काम दिलं नव्हतं. उदाहरण विषयाला चिकटतच नाही. शिवाय सूचनेत विचारलेली ‘परिस्थिती’ कुठे आहे?

आता हाच परिच्छेद घरच्या उदाहरणाने: ‘१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो शेतमजुरांकडे काम नव्हतं, पण अंगमेहनत करायची ताकद होती आणि गावांना बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते हवे होते. अशा वेळी राज्याने मजुरीच्या बदल्यात काम दिलं. पैसा घरात आला आणि गावात तलावही उभे राहिले. पुढे १९७७ मध्ये या रोजगार हमीचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तीच कल्पना उचलली. पण ही शिफारस तेव्हाच लागू पडते, जेव्हा बेकार माणूस ते काम करू शकतो. खडी फोडण्याची हमी सत्तर वर्षांच्या म्हातारीच्या किंवा अपंग माणसाच्या काहीच कामाची नाही. त्यांच्यासाठी थेट पैसेच योग्य.’ एका उदाहरणातून दोन्ही परिस्थिती निघाल्या. इंग्रजी साधंच असलं तरी हा साडेचार-पाचच्या वाटेवरचा परिच्छेद आहे. परीक्षकाला महाराष्ट्र माहीत असायची गरज नाही. एका वाक्यात संदर्भ दिला की पुरतं. रोजगार हमी, सहकारी साखर कारखाने, अमूल, आधार, यूपीआय, पुण्याची बीआरटी ही आपल्याला आतून माहीत असलेली उदाहरणं आहेत. ती सोडून आईनस्टाईनच्या मागे लागणं हा निव्वळ तोटा आहे.

साच्याचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. ईटीएस निबंधांची आपसात तुलना करणारं सॉफ्टवेअर वापरते. एकाच क्लासच्या नोट्समधला तोच प्रस्तावनेचा परिच्छेद शंभर जणांनी उतरवला, की तो त्यात दिसतो, आणि निबंध स्वतंत्र नाही असं ठरलं तर स्कोअर रद्द होऊ शकतो. मांडणीचा सांगाडा ठरवून जाणं वेगळं आणि तयार वाक्यं घोकून जाणं वेगळं. दुसरं करू नका.

तीस मिनिटांची वाटणी अशी ठेवा. पहिली चार मिनिटं टायपिंग नाही. विषयाखालची सूचना दोनदा वाचा, कारण सूचनांचे सहा प्रकार आहेत आणि प्रत्येकात वेगळी मागणी असते. एकीत तुमच्या भूमिकेविरुद्धचा आक्षेप हाताळायचा असतो, दुसरीत धोरणाचे परिणाम, तिसरीत विधान आणि त्यामागचं कारण असं दोन्ही. सूचना न पाळता लिहिलेला सुंदर निबंधसुद्धा चारच्या पुढे सरकत नाही. मग कच्च्या कागदावर भूमिका एका ओळीत, दोन उदाहरणं, एक ‘पण’. घरून परीक्षा देत असाल तर कागद चालत नाही, पुसता येणारा छोटा बोर्ड लागतो. तो आणि त्याचा मार्कर आधीच आणून ठेवा. पुढची बावीस मिनिटं लिहिण्याची. शेवटची चार मिनिटं फक्त दुरुस्तीची: कर्ता-क्रियापद जुळतंय का, ‘द’ आणि ‘अ’ ही उपपदं सुटलीत का, वाक्य अर्धवट राहिलंय का.

परीक्षेचा एडिटर अगदी साधा आहे. कट-पेस्ट आणि अनडू आहे, पण स्पेलिंग तपासणारं काही नाही. फोनवर आणि वर्डमध्ये आपलं स्पेलिंग सतत आपोआप सुधारलं जातं आणि त्याची सवय किती मुरली आहे ते परीक्षेतच कळतं. म्हणून सराव नोटपॅडमध्ये करा. विषयांची अख्खी यादी ईटीएसने साइटवर फुकट ठेवली आहे. परीक्षेतला विषय त्यातूनच, किरकोळ शब्दबदलाने येतो. सगळे विषय लिहून काढायची गरज नाही. शिक्षण, सरकार, तंत्रज्ञान, कला, नेतृत्व असे गट करा, चाळीस विषयांचा फक्त आराखडा करा आणि आठ-दहा निबंध घड्याळ लावून पूर्ण लिहा.

सरावासाठी ईटीएसच्याच ‘पॉवरप्रेप’ या सराव-संचाच्या दोन फुकट परीक्षा आहेत, त्यांत निबंधाला गुण मिळत नाहीत. पैसे देऊन घेतलेल्या ‘पॉवरप्रेप प्लस’मध्ये ई-रेटर लगेच गुण देतो. ते एकदा घ्यायला हरकत नाही, मात्र तो आकडा फक्त मशीनचा आहे हे लक्षात ठेवा. युक्तिवाद पोकळ असेल तर ते तिथे कळणार नाही. त्यासाठी दोन निबंध इंग्रजी चांगलं असलेल्या एखाद्या शिक्षकाला दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: माझं म्हणणं पटलं का, आणि नसेल तर कुठल्या ओळीला गाडी घसरली?

कॉलेजच्या टेबलावर

अर्ज भरताना पोर्टलवर तिन्ही स्कोअर तुम्ही स्वतः टाकता. अधिकृत रिपोर्ट ईटीएसकडून कॉलेजच्या चार आकडी कोडवर जातो. परीक्षेच्या दिवशी चार कॉलेजं फुकट निवडता येतात. अर्जावर पहिली चाळणी विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट ऑफिसची असते. तिथे जीआरईचं रायटिंग बघत नाहीत, टोफेल किंवा आयईएल्टीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षांचे गुण बघतात. ही चाळणी कडक असते: किमान आकडा ठरलेला असेल तर त्याखाली सहसा सूट नाही. जीआरई रायटिंगला ५.० असले म्हणून टोफेलची कमी भरून निघत नाही. टोफेल आणि जीआरई या दोन्ही परीक्षा ईटीएसच घेत असली तरी त्यांचा हेतू वेगळा आहे: एक भाषा येते का ते मोजते, दुसरी विचार मांडता येतो का ते.

दुसरी पायरी विभागाची. इथे चित्र विषयागणिक पार बदलतं.

इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर आणि गणिती विषयांच्या एमएसला क्वांट, मार्कशीट आणि प्रोजेक्ट यांचं वजन सगळ्यात जास्त. रायटिंगचा वापर तिथे उंबरठ्यासारखा होतो. ३.५ ला कुणी अडवत नाही, ४.० ला तर विषयच निघत नाही. ३.० ला कमिटी एसओपी जरा जास्त लक्ष देऊन वाचते. २.५ किंवा त्याखाली शंका पक्की होते. उलट बाजूने, ५.० मुळे या विषयांत प्रवेश मिळाला असं सहसा होत नाही. ४.० वरून ५.० वर जायला लागणारे दोन महिने या मुलांनी खर्च करू नयेत.

सार्वजनिक धोरण, पत्रकारिता, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांत मामला वेगळा. तिथलं कामच लिहिण्याचं. या विषयांसाठी ४.५ चं लक्ष्य ठेवा, ३.५ हा तिथे कमकुवत दुवा ठरतो. पण इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा विषयांच्या पीएचडीला बहुतेक विभाग लेखनाचा नमुना मागतात, तोही बऱ्याच पानांचा. प्राध्यापकांच्या हातात तुमचा शोधनिबंध असताना ते अर्ध्या तासाच्या निबंधाला कशाला विचारतील? तिथे सगळा जोर नमुन्यावर लावा.

एमबीएबद्दल बाजाराने स्वतःच निकाल दिला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या जीमॅटच्या (एमबीएची प्रवेश परीक्षा) नव्या आवृत्तीतून निबंध साफ काढून टाकला. बिझनेस स्कूल एकाच्या अर्जात निबंधाविना जीमॅट स्वीकारत असेल, तर दुसऱ्याच्या जीआरईतल्या निबंधाला ती फार वजन देईल असं धरून चालू नये.

आता या परीक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ज्या कॉलेजला तुम्ही स्कोअर पाठवता, त्याला तुमचा निबंधही बघता येतो. आकड्याबरोबर तुम्ही लिहिलेला मजकूर, जसाच्या तसा, टायपिंगच्या चुकांसकट. अनेकांना हे माहीतच नसतं. रोजच्या छाननीत प्रत्येकाचा निबंध उघडून वाचत बसायला प्राध्यापकांना वेळ नाही, पण शंका आली की उघडतात. शंका येते ती एसओपीमुळे. एसओपी लफ्फेदार, एकही चूक नाही, वाक्यं गुळगुळीत. आणि रायटिंगला २.५. मग एसओपी कुणी लिहिली? पूर्वी हा संशय कन्सल्टंटवर जायचा. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तो सगळ्यांवरच जातो. अर्जातला प्रत्येक कागद घरी बसून, हवी ती मदत घेऊन तयार होऊ शकतो. पहाऱ्यात, मदतीविना लिहिलेला मजकूर त्या अर्जात बहुधा एकच असतो, तो म्हणजे जीआरईचा निबंध. रायटिंगचा आकडा लहान दिसला तरी त्याची ही भूमिका लहान नाही.

म्हणून ३.० असेल तर एसओपी आणखी चकचकीत करणं हा उलटा उपाय आहे. ती तुमच्या इंग्रजीत लिहा. लहान वाक्यं, प्रोजेक्टचे नेमके तपशील, कुठला सेन्सर वापरला, चूक किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आणली, काय फसलं. दोन जणांकडून व्याकरण तपासून घ्या, पण आवाज बदलू देऊ नका. कमी स्कोअरची सफाई देण्यात एसओपीच्या ओळी घालवू नका. त्याऐवजी शिफारसपत्र देणाऱ्या सरांना सांगा की प्रोजेक्ट रिपोर्ट तुम्ही स्वतः लिहिला होता याचा उल्लेख करा. छापून आलेला पेपर असेल तर त्याची लिंक द्या.

आणखी एक गैरसमज: असिस्टंटशिप (शिकताना विद्यापीठातच मिळणारं पगारी काम) मिळायला रायटिंग लागतं. शिकवण्याच्या असिस्टंटशिपसाठी परदेशी विद्यार्थ्यांचं बोलणं तपासतात, म्हणजे टोफेल-आयईएल्टीएसचा स्पीकिंग स्कोअर किंवा विद्यापीठाची स्वतःची तोंडी परीक्षा. रिसर्चच्या असिस्टंटशिपला प्राध्यापकाला तुमचं काम हवं असतं.

आणि जिथे जीआरई ऐच्छिक आहे तिथे? २०२० नंतर अशा विभागांची संख्या खूप वाढली. तिथे हिशोब सोपा: क्वांट-व्हर्बल त्या विभागाच्या नेहमीच्या पातळीपेक्षा वर असतील आणि रायटिंग ३.५ असेल तर पाठवा. क्वांट चांगला पण रायटिंग २.५ असेल तर थांबा आणि विचार करा, कारण रायटिंग लपवून बाकीचं दाखवता येत नाही. मार्कशीट भक्कम असेल तर अशा ठिकाणी न पाठवणंच बरं.

आयईएल्टीएसशी तुलना

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्यांना जीआरई बहुधा लागत नाही. तिथे लेखनाचं वजन आयईएल्टीएसमधून येतं, आणि ते जास्त थेट आहे. अट अशी असते: एकूण ७.०, आणि कुठलाही बँड (एकेका भागाचा गुण) ६.५ पेक्षा कमी नको. समजा लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७, रायटिंग ६. बेरीज २८.५, भागिले चार ७.१२५, म्हणजे एकूण ७.०. एकूण बसलं, पण रायटिंगने अडवलं. बहुतेकांचा सगळ्यात खालचा बँड रायटिंगचाच असतो, त्यामुळे हे फार जणांच्या वाट्याला येतं.

सेवा म्हणून मात्र आयईएल्टीएस इथे जीआरईपेक्षा उजवी आहे. निबंध दोन: पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा, आणि दुसऱ्याला दुप्पट वजन. म्हणून साठातली चाळीस मिनिटं दुसऱ्यालाच द्या. गुणांचे चार निकष उघड आहेत, त्यामुळे कशावर काम करायचं ते कळतं. निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते आणि बँड वाढला तर फी परत मिळते. शिवाय कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर एकच कौशल्य ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतं. वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थ्याला फक्त रायटिंग पुन्हा द्यावं लागेल, आठचं लिसनिंग सुरक्षित. जीआरईने हीच सोय द्यायला हवी होती. मात्र तुमचं विद्यापीठ असा एका कौशल्याचा निकाल मान्य करतं का, हे पैसे भरण्याआधी ईमेलने विचारून घ्या.

बारावीनंतर अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी दोनच ओळी. एसएटीचा निबंध २०२१ मध्ये बंद झाला. त्याच्या नावाने कुणी क्लास विकत असेल तर घेऊ नका. एसएटीसारख्याच एसीटी या परीक्षेत ४० मिनिटांचा रायटिंग विभाग ऐच्छिक आहे, गुण २ ते १२, आणि तो एकूण स्कोअरमध्ये धरला जात नाही. यादीतलं एखादं कॉलेज स्पष्टपणे मागत असेल तरच द्या.

पुन्हा परीक्षा कुणी द्यावी

रायटिंग २.५ किंवा खाली असेल, किंवा विभागाने किमान आकडा लिहिलेला असून तुम्ही त्याखाली असाल, किंवा लेखनप्रधान विषयाला ३.५ असेल, तर द्या. क्वांटही सुधारायचा असेल तर प्रश्नच नाही, एका फीत दोन्ही कामं होतात. ३.० ला इंजिनिअरिंगवाल्यांनी आधी यादीतल्या प्रत्येक विभागाचं पान उघडून बघावं, किमान ३.५ मागणारं एखाद-दुसरंच असेल तर ते कॉलेज बदलणं बावीस हजारांपेक्षा स्वस्त पडतं.

तारखांचं गणित आधी मांडा. दोन परीक्षांमध्ये २१ दिवसांचं अंतर लागतं, बारा महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा बसता येतं, स्कोअर पाच वर्षं चालतो. अनेक मोठ्या विद्यापीठांची मुदत १५ डिसेंबरच्या आसपास संपते. निकालाचे दहा दिवस आणि तो कॉलेजपर्यंत पोहोचायचे काही दिवस धरले तर दुसरा प्रयत्न नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकायला हवा. म्हणजे पहिली परीक्षा सप्टेंबरअखेर, आणि निबंधाचा सराव गणपतीच्या सुट्टीनंतर नव्हे, जुलैपासून.